वेताच्या खुर्चीचं चित्र

"आणि सही नसेल तर?"

"सहीचं काय घेऊन बसलात, सर!" हेमांगी हसली. "सही काय, कुणीही ठोकतं. चित्र अस्सल की नक्कल, ते रंगच सांगतो."

ओसरीवरच्या चटईवर मुतवल्ली सरांनी पाय आखडून घेतले आणि तिला बसायला जागा करून दिली.

हेमांगीनं बरोबर आणलेलं चित्र जपून भिंतीला टेकवलं. ते जुन्या चादरीत बांधलेलं होतं. गाठ तिनं सोडली नाही. तिला आधी बोलायचं होतं.

मिरजेतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात ती कॉलेजात होती तेव्हापासून येत होती. सरांनी उभा जन्म चित्रकला शिकवण्यात घालवला. एके काळी लांबलांबच्या संग्रहालयांतून त्यांना बोलावणं यायचं, जुनी चित्रं तपासायला. चित्राकडं कसं बघायचं हे हेमांगी त्यांच्याकडूनच शिकली.

शिकली, आणि पुढं गेली. निदान तिला तसं वाटत होतं.

जुना बाजार हे तिचं रान. मोडकी कपाटं, तडकलेल्या बरण्या, देवादिकांची धुळकट कॅलेंडरं... त्या ढिगात हात घालून ती हातानं काढलेलं एखादं चित्र बाहेर काढायची. पुसून, नवी चौकट घालून विकायची. गॅलरीची पायरी चढायला जी माणसं बिचकतात, त्यांच्या भिंतीवर एका बऱ्या साडीच्या किमतीत अस्सल चित्र लागायचं. माणसं दुवा देत. तिचं नाव होऊ लागलं होतं, आणि नावाच्या मागोमाग ताठाही आला होता.

"सांग तर खरं," सर म्हणाले, "ओळखतेस कसं?"

"आधी उजेडात तिरकं धरते. छापील असलं तर सपाट चकाकतं. हातचं असलं तर रंगाचे वळ उठलेले दिसतात. मग भिंग लावते. छापील चित्रात बारीक ठिपके असतात, मुंग्यांनी रांग धरावी तसे. मग पाठ बघते. कापड किती काळवंडलंय, खिळे किती गंजलेत. शेवटी वास."

"आणि मग?"

"मग काय, तोवर कळलेलंच असतं. खरं सांगू, सर? भिंग वगैरे गिऱ्हाइकासाठी. मला लांबूनच कळतं. अख्खा बाजार जिथून पुढं निघून जातो, तिथं माझे पाय थांबतात. दुसऱ्याला दिसत नाही ते मला दिसतं."

सरांनी मान हलवली. होकार होता की नुसतंच ऐकणं, ते कळलं नाही.

"सोड गाठ," ते म्हणाले.

तिनं चादर बाजूला केली.

दुपारचं ऊन ओसरीच्या कडेपर्यंत आलेलं. त्या उजेडात चित्र जागं झाल्यासारखं दिसलं. पिवळट भिंत. भिंतीपाशी वेतानं विणलेली हातांची खुर्ची. खुर्चीत एक बाई. वय चाळिशीच्या आसपास. अंगावर तपकिरी नऊवारी, कानात कुड्या. नजर समोर नाही, किंचित बाजूला. आतल्या खोलीतून कुणी हाक मारली की काय, असं ऐकल्यासारखी.

सर वाकून बघत राहिले. किती तरी वेळ.

हेमांगी त्यांच्या तोंडाकडं बघत होती. शाबासकी येणार हे तिला ठाऊक होतं.

"सुरेख," सर म्हणाले. "खुर्ची फारच सुरेख काढलीय."

"आणि बाई?"

"कुठली बाई?"

...

हेमांगीला आधी हसू आलं. सरांना थट्टा करायची सवय नव्हती, पण वय झालं की माणूस बदलतो.

"सर, ही बाई. खुर्चीत बसलेली."

सरांनी चष्मा काढला, कुडत्याला पुसला, पुन्हा घातला.

"खुर्ची रिकामी आहे, हेमांगी."

"असं काय करताय?" ती पुढं सरकली. रंगाला न लावता हवेतच बोट फिरवत म्हणाली, "हा कान बघा. ही कुडी. हा पदर. इथं तर मोत्यावर पांढऱ्या रंगाचा उठावसुद्धा आहे."

"तिथं मला भिंत दिसते. पिवळी. छान जुनी झालेली."

तिनं घाईघाईनं भिंग काढून डोळ्याला लावलं. ठिपका एकही नाही. कुंचल्याचे फटकारे स्पष्ट होते. बाईच्या गालावरचा फटकारा हनुवटीकडं वळला होता. भिवईत कुंचल्याचा एक तुटका केससुद्धा अडकला होता.

तिनं भिंग सरांच्या हातात दिलं. सरांनी तिथंच लावलं, जिथं ती भिवई होती.

"भिंत," ते म्हणाले.

ओसरीवर ऊन होतं, तरी हेमांगीच्या दंडावर काटा आला. एकदम तिला बाजारातली सकाळ आठवली. कोरेअण्णा, ज्यांच्या दुकानातून तिनं हे घेतलं, ते चित्र काढून देताना म्हणाले होते, "ती खुर्ची नेताय होय, ताई? न्या, न्या." तिला वाटलं, अडाण्याला चित्रात फक्त लाकूड दिसतं. मनातल्या मनात हसली होती ती.

आणि पुण्याचे ते डॉक्टर. त्यांना तिनं फोटो पाठवला होता. त्यांचं लगेच उत्तर आलं: 'रिकाम्या खुर्चीचं चित्र फार आवडलं. मी घेतो.' ते भलत्याच फोटोबद्दल लिहितायत असं तिनं गृहीत धरलं होतं.

"घाबरलीस?" सरांनी विचारलं.

"नाही."

"मग पाणी पी."

तिनं माठातलं पाणी घेतलं. दोन्ही हातांनी तांब्या धरून ती प्यायली.

"सर, हे... हे भूतखेत आहे का?"

"मी चित्रकला शिकवली. भुतांचा विषय माझ्याकडं नव्हता." सर चित्राकडंच बघत होते. "पण आता तूच म्हणालीस. दुसऱ्याला दिसत नाही ते तुला दिसतं."

"ते मी वेगळ्या अर्थानं म्हणाले."

"अर्थ तू ठरवलास. ऐकणाऱ्यानं तो घ्यायला हवा असं थोडंच आहे?"

तिनं चादरीची घडी घालायला घेतली.

सर उठले. ऊन चित्रापर्यंत पोचत आलं होतं. त्यांनी ते उचललं, आतल्या खोलीत नेलं आणि भिंतीशी एका पेटीवर उभं केलं. हेमांगी दारातच थांबली. आपलंच चित्र असून तिला आत जाववेना.

"नाव काय?" सरांनी विचारलं.

"कळत नाही. सही नाहीये. पण हात मुरलेला आहे. कुणीतरी शिकलेला चित्रकार..."

"चित्रकाराचं नाही विचारलं. बाईंचं नाव काय?"

"ते मला कसं ठाऊक असणार?"

"विचारलंस?"

"असं कुणी विचारत नाही, सर."

"आजवर एवढ्या भिंतींवरचे चेहरे उतरवलेस. दुसऱ्या भिंतींवर लावलेस. त्यातल्या एकाचं तरी नाव विचारलंस?"

"चेहऱ्याखाली नाव लिहिलेलं नसतं."

"हं..."

बाहेर रस्त्यानं कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं. पुन्हा शांत झालं.

हेमांगी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. न बघायचं ठरवूनही तिची नजर चित्रावर गेली. आणि तिथंच खिळली.

"काय झालं?" सर म्हणाले.

"सर... बाजारात मी हे घेतलं तेव्हा त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. एकावर एक. मला पक्कं आठवतंय, कारण बोटं फार चांगली काढलीयत असं वाटलं होतं."

"आणि आता?"

"आता उजवा तळवा खुर्चीच्या हातावर टेकलाय. आपण उठायच्या आधी टेकतो ना, तसा."

सरांनी चित्राकडं पाहिलं. मग तिच्याकडं.

"मग जिथून घेतलंस तिथं लवकर जाऊन ये," ते म्हणाले.

*

कोरेअण्णांचं दुकान म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. दुपारच्या वेळी तिथं गिऱ्हाईक नव्हतं. अण्णा बाकावर आडवे झाले होते. हेमांगीला बघून उठून बसले.

"का हो, ताई? काही वाळवी-बिळवी निघाली का त्यात?"

"नाही. अण्णा, ते चित्र कुणाच्या घरातलं?"

अण्णांना नवल वाटलं. आजवर या बाईनं भाव सोडून दुसरं काही विचारलं नव्हतं.

"कुरणे मास्तरांच्या. शाळेत चित्रकला शिकवायचे. वारले ते. लांबचा पुतण्या आला, घर रिकामं करून द्या म्हणाला. मीच गेलो टेंपो घेऊन."

"आणि त्यांची बायको?"

"ती केव्हाच गेली. बायकोपायीच तर ते खुर्चीचं चित्र." अण्णांनी पंच्यानं मान पुसली. "सामान भरत होतो तर शेजारची म्हातारी येऊन उभी राहिली. म्हणाली, हे चित्र तेवढं नेऊ नका. पण पुतण्याला घाई. मग ती सगळं सांगत बसली. तुम्हाला वेळ आहे का?"

"आहे."

"मास्तरांनी गावातल्या निम्म्या लोकांची चित्रं काढलीत म्हणे. कुणाच्या आजोबाचं, कुणाच्या मुलाचं. बायकोचं तेवढं राहिलं. घरातलंच माणूस, काढू कधीतरी. आणि ती गेली तापानं. फोटोसुद्धा नव्हता एक."

अण्णांनी पंचा खांद्यावर टाकला.

"मग काढायला बसले. पण जमेना. सगळ्या गावाचे चेहरे हातात, आणि हिचा येईना. डोळे आठवले की हनुवटी जायची, हनुवटी आठवली की कपाळ जायचं. काढायचे, पुसायचे. शेवटी ती बसायची ती खुर्ची तेवढी काढली. आणि शेजारणीला म्हणाले, माझं काम मी केलं. आता बसायचं ते ती बघेल."

हेमांगी बाकाच्या कडेला टेकली.

"मग?"

"मग काय. रोज जेवण झालं की चित्रासमोर स्टूल टाकून बसायचे. हाक मारायचे म्हणे. सुगंधा, बस गं जरा. म्हातारीला भिंतीपलीकडं ऐकू यायचं. केस पांढरे झाले, दात गेले, तरी रोज."

"आणि कधी... दिसली त्यांना?"

"छे हो." अण्णा हसले, पण हसू पुरतं उमटलं नाही. "वाट बघतच गेले. कुठं दिसायला? रंग तो, कापड ते."

हेमांगीनं मान वळवली. शेडच्या भिंतीला टेकून चौकटी उभ्या होत्या. फेटेवाले आजोबा, ताठ बसलेली जोडपी, काजळ घातलेली बाळं. याच ढिगापुढं ती आजवर रुबाबात उभी राहायची आणि तिची नजर चेहऱ्यांवरून सरसर फिरायची. हा नको, हा छापील, हा चालेल.

आज तिला वाटलं, ते सगळे श्वास रोखून तिच्याकडं बघतायत. आता ही कुणाला उचलते ते बघतायत.

पर्समध्ये फोन वाजला. पुण्याचे डॉक्टर होते.

"अहो, ते चित्र आज पाठवताय ना? जागा करून ठेवलीय मी दिवाणखान्यात."

"नाही पाठवता येणार."

"का? दुसऱ्या कुणी मागितलं का?"

"नाही."

"मग? ती रिकामी खुर्चीच आहे ना ती?"

हेमांगीनं डोळे मिटले.

"रिकामी नाहीये," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

*

ती परत आली तेव्हा उन्हं कलली होती. मुतवल्ली सर पायरीवर बसले होते, आतल्या खोलीकडं पाठ करून.

"आत नाही बसलात?"

"आत बाईमाणूस एकटं आहे म्हणालीस. मग मी आत कशाला बसू?"

ते अगदी साधेपणानं बोलले. ती त्यांच्या खालच्या पायरीवर बसली आणि अण्णांनी सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं. कुरणे मास्तर. विरघळत जाणारा चेहरा. स्टूल. हाक.

सरांनी मधे एकदाही विचारलं नाही. नाव आलं तेवढं मात्र त्यांनी हळूच पुन्हा उच्चारलं.

"सुगंधाबाई..."

"सर, तो माणूस जन्मभर बसला. त्याला नाही दिसली. मी कोण? मला का दिसावी?"

"ते त्यांनाच माहीत."

"पण मी तर फक्त..." ती अडखळली. "मी तर ढिगातून उचललं. विकायला."

सर उठले. "चल."

खोलीत तिरपा उजेड होता. हेमांगीनं चित्राकडं पाहिलं आणि ती मागं सरली.

बाईंची पाठ आता खुर्चीपासून सुटली होती. दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवर, कोपरं किंचित वर. पदर खांद्यावरून घसरून कोपरापर्यंत आलेला. आणि मघाशी जी नजर नुसती बाजूला होती, ती आता सरळ दाराकडं होती. अनोळखी घरात फार वेळ बसून राहिलेल्या पाहुण्यासारखी.

"उठतायत," ती पुटपुटली. "सर, त्या उठतायत. उठून कुठं जातील? ते घर नाही राहिलं. मास्तर नाहीत..."

तिनं भिंगासाठी पर्स उघडली. का, ते तिलाही कळलं नाही. सवय.

सरांनी हात पुढं केला. ती बघत राहिली. मग तिनं भिंग त्यांच्या तळहातावर ठेवलं. सरांनी ते कुडत्याच्या खिशात टाकलं.

"मग बघू कशानं?"

"आज बघू नको."

खोलीच्या कोपऱ्यात लाकडी स्टूल होतं. सरांनी ते उचलून चित्रासमोर ठेवलं. धूळ हातानं झटकली.

"बस."

"मी?"

"दुसरं कोण आहे इथं?"

ती बसली. चित्र एवढं जवळ की तेलाचा जुना वास येत होता.

"हाक मार."

"सर, मला काय हक्क? मी त्यांची कुणी नाही."

"ज्याला हक्क होता, त्याची हाक पोचली नाही. तू हक्काशिवाय मारून बघ."

...

हेमांगीनं डोळे मिटले. तिला बाजारातले ते सगळे चेहरे आठवले, जे तिनं पुसले, चौकटीत घातले, पाठवून दिले. कोण होते ते? कुणाचे कोण होते? कुणाला कुणी शेवटचं काय म्हणालं होतं? तिला एकही नाव ठाऊक नव्हतं.

"सुगंधाबाई," ती म्हणाली. आवाज चिरकला. "सुगंधाबाई... बसा ना जरा. घाई नाही. मी काही कुठं नेत नाही तुम्हाला."

खोलीत काही हललं नाही.

लांब कुठंतरी अजान सुरू झाली आणि संपली. हेमांगीचे डोळे मिटलेलेच होते. पापण्यांखालून पाणी येत होतं, ते तिनं पुसलं नाही. आपण कशासाठी रडतोय हे तिला नीट सांगता आलं नसतं. गेलेल्या बाईसाठी असेल. वाट बघत म्हाताऱ्या झालेल्या त्या मास्तरासाठी असेल.

आणि मग वेत करकरला.

अगदी हलकेच. दमून आलेलं माणूस खुर्चीत पाठ टेकतं तेव्हा करकरतो तसा.

सरांच्या घरात वेताची एकही वस्तू नव्हती.

हेमांगीनं डोळे उघडले.

चित्रात पिवळट भिंत होती. भिंतीपाशी खुर्ची. वेताची वीण, तिच्यावर पडलेला उजेड, हातांवर झिजलेलं पॉलिश... सगळं जिथल्या तिथं. जिथं भिवई होती तिथं भिंत होती. जिथं मोत्याची कुडी चमकत होती तिथंही भिंतच.

ती ताडकन उठली. स्टूल मागं कलंडलं.

"सर! गेल्या! सर, खुर्ची रिकामी झाली... मला दिसत नाहीत! मी उशीर केला, त्या निघून..."

मुतवल्ली सर उंबऱ्याशी उभे होते. ते तिच्याकडं बघत नव्हते. त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, चित्राच्या दिशेनं किंचित लवले आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल," ते म्हणाले. "बाई आत्ता कुठं टेकल्यात."